विश्लेषण : युद्धातली जीप भंगारात की संग्रहात? खानदेशातल्या जुन्या लष्करी गाड्यांचं आणि सामानाचं पुढे काय?

गंजून लाल झालेली जीप क्रेनने उचलली जाते, तिचा पत्रा कापला जातो, इंजिन उघडलं जातं आणि दीड मिनिटाच्या शेवटी तीच जीप धूर सोडत रस्त्यावर उतरते. असे ‘आधी आणि नंतर’चे रील्स लाखो लोक बघतात. त्यासोबत दुसऱ्या महायुद्धातली हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, काडतुसांच्या पेट्या, पदकं यांचे फोटोही फिरतात. जळगाव किंवा धुळ्यातल्या प्रेक्षकाला हे बघताना हमखास आठवतं, की आपल्या मळ्यातल्या गोठ्यामागे, मामांच्या जुन्या वाड्यात किंवा गावातल्या बंद गॅरेजमध्ये असंच काहीतरी पडून आहे.

ते बाहेर काढावं का? दुरुस्त करून रस्त्यावर आणता येईल का? घरातली संगीन किंवा आजोबांच्या पेटीतलं काडतूस ठेवणं गुन्हा आहे का? आणि इंग्रजांच्या सैन्याचं सामान आपण जपायचं तरी कशाला? या प्रश्नांची उत्तरं कायदा, इतिहास आणि भंगाराचा बाजार या तिन्हींत विखुरलेली आहेत.

प्रश्न आत्ताच का आला?

दोन कारणं आहेत. पहिलं कारण वयाचं. दुसरं महायुद्ध १९४५मध्ये संपलं, म्हणजे २०२५मध्ये त्याला ८० वर्षं झाली. युद्धावर गेलेली पिढी जवळपास संपली आहे. वस्तू उरल्या, पण ‘ही कुणाची, कुठून आली’ हे सांगणारी माणसं उरली नाहीत.

दुसरं कारण सरकारी धोरणाचं आहे. वाहन मोडीत काढण्याचं धोरण ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालं. एप्रिल २०२२पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झालं. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवलं. मोटार, जीप अशा हलक्या वाहनांसाठी ते १० हजार रुपये आहे, तर परदेशातून आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये. दुसरीकडे, १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल २०२३पासून संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडीत काढायच्या असतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांना यातून वगळलं आहे.

प्रदूषण आणि रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने या धोरणाला अर्थ आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की शेडमध्ये पडून असलेली जुनी जीप ठेवण्यापेक्षा भंगारवाल्याला किलोवर विकणं सोपं आणि स्वस्त झालं आहे. भंगारात गेलेल्या गाडीसोबत तिचा चेसिस नंबर, आरसी बुक आणि मालकांची साखळी असं सगळंच जातं.

खानदेशात युद्धाचं सामान आलं कुठून?

खानदेशात लढाई झाली नाही, मोठी लष्करी छावणीही नव्हती. तरी हा भाग लष्करी वाहतुकीच्या रस्त्यावर होता. नकाशा पाहिला की हे लगेच कळतं.

मुंबईहून निघालेली रेल्वे देवळाली, मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, खंडवा, इटारसी असं करत जबलपूरला जाते. हा मार्ग १८७०पासून सलग आहे. देवळालीला ब्रिटिश सैन्याचा मोठा संक्रमण तळ होता. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे सैनिक महिनोन् महिने थांबायचे. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द याच देवळालीवरून आला. दुसऱ्या टोकाला जबलपूर, म्हणजे तोफगाड्यांचा कारखाना. या दोन लष्करी गावांच्या मधलं मोठं जंक्शन भुसावळ. धुळ्याचंही तसंच. मुंबई–आग्रा रस्त्यावर नाशिक आणि महू या छावणीच्या मध्ये धुळं येतं.

युद्ध संपलं तेव्हा मित्रराष्ट्रांचं अफाट सामान भारतात पडून होतं. बर्माच्या आघाडीसाठी आणलेल्या जीप, ट्रक, तंबू, जनरेटर, जेरीकॅन परत नेणं परवडणारं नव्हतं. सरकारने ते विकायला काढलं. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही सापडतो, तो यातूनच आला. लिलावातून ठेकेदारांकडे, तिथून गॅरेजवाल्यांकडे आणि मग शेतकरी, वाहतूकदार, पुढारी यांच्याकडे अशा गाड्या फिरत गेल्या.

जुन्या जीप किती हव्याहव्याशा होत्या हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या गाजलेल्या घोटाळ्यावरूनही दिसतं. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन लंडनमध्ये उच्चायुक्त असताना दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सुमारे ८० लाखांचा व्यवहार झाला. १५५ जीप भारतात पोहोचल्या, पण त्या वापरण्यासारख्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला आणि १९५५मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. थोडक्यात, ‘रिस्टोअर केलेली जीप’ घेताना फसवणूक होऊ शकते, हा धडा देशाइतकाच जुना आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे जीप देशातच बनू लागली. लष्करासाठी जबलपूरला ‘शक्तिमान’ ट्रक आणि निसानच्या परवान्यावर ‘जोंगा’ बनली. जळगाव जिल्ह्यात भुसावळला १९४९मध्ये आणि वरणगावला १९६४मध्ये आयुध निर्माणी आल्या. या दोन्ही स्वातंत्र्यानंतरच्या, म्हणजे युद्धाच्या सामानाशी त्यांचा संबंध नाही. हिरव्या पेटीवर पांढरी अक्षरं दिसली म्हणजे ती महायुद्धातली, असा समज त्यामुळे या भागात तरी करून घेऊ नये.

जीप खरंच युद्धातली आहे का, कसं ओळखायचं?

खानदेशात ‘युद्धातली जीप’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गाड्यांत नंतरच्या महिंद्रा जीपही असतात. ओळखण्याच्या काही खुणा साध्या आहेत.

समोरची जाळी बघावी. युद्धकाळातल्या विलीज आणि फोर्ड जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. नंतरच्या नागरी जीपला सात. बॉनेट उंच असेल तर ती बहुधा ‘सीजे-थ्रीबी’ जातीची, म्हणजे १९५३ नंतरच्या रचनेची. युद्धातल्या जीपचे हेडलाइट आतल्या बाजूला वळवता येतात, रात्री इंजिनावर उजेड पाडण्यासाठी. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. वीजव्यवस्था ६ व्होल्टची असते. फोर्डने बनवलेल्या जीपच्या नट-बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर कोरलेलं असतं.

सर्वांत महत्त्वाचा चेसिस नंबर. विलीजमध्ये तो डाव्या बाजूच्या चेसिसवर, पुढच्या बंपरच्या मागे आतल्या अंगाला पट्टीवर असतो. फोर्डमध्ये तो चेसिसच्या लोखंडावरच ठोकलेला असतो. पट्टी बदलता येते, ठोकलेला नंबर बदलणं कठीण. घेणाऱ्याने आधी वायरब्रशने हा भाग साफ करून नंबर आणि आरसी बुकातला आकडा जुळवावा, मग किमतीचं बोलावं.

युद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. त्यामुळे जगाच्या बाजारात सुटे भाग आजही मिळतात. अडचण वेगळीच आहे. खानदेशातल्या जीपमध्ये मूळ भाग फारच थोडे उरले असतात. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं, मूळ ‘टी-८४’ गिअरबॉक्स गेला, पत्रा कुजला म्हणून गावातल्या वेल्डरने नवी बॉडी ठोकली, मागे बाकडी टाकून माणसं बसवली. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या प्रचारात, केळीच्या मळ्यात आणि काळीपिवळी म्हणून ती चालत राहिली. या बदलांमुळेच ती ८० वर्षं टिकली. मूळ अवस्थेत ठेवली असती तर १९६०–७०च्या दशकातच मोडीत गेली असती.

‘व्हीए’ नोंदणी काय आहे आणि खानदेशातल्या गाड्या अडतात कुठे?

जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यांच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर कायम ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही.

कागदावर हे चांगलंच आहे, कारण या नियमामुळे जुन्या गाडीला पहिल्यांदाच ‘भंगार’ सोडून दुसरी ओळख मिळाली. पण लष्करी गाड्यांचं, विशेषतः खानदेशसारख्या भागातल्या गाड्यांचं घोडं चार ठिकाणी अडतं.

एक, मूळ रूप. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी या नियमात बसत नाही. डिझेल इंजिन आणि गावात बनवलेली बॉडी असलेली जीप इथेच बाद होते. ती बसवायची तर मूळ जातीचं इंजिन शोधणं आणि त्याची आरटीओकडे रीतसर नोंद करणं आलं. परवानगीशिवाय केलेला बदल कायद्याने चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे.

दोन, वयाची मोजणी. ५० वर्षं मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. लष्कराच्या गाड्या आरटीओकडे नोंदलेल्या नसतात. लष्कर त्यांना स्वतःचे नंबर देतं. आरटीओची पहिली नोंदणी होते ती लिलावानंतर. त्यामुळे १९७०मध्ये बनलेली आणि १९९५मध्ये लिलावात विकली गेलेली जोंगा नियमाच्या शब्दांप्रमाणे ५० वर्षांची ठरायला २०४५ उजाडू शकतं. तोपर्यंत ती फक्त एक जुनी गाडी राहते आणि तिला नूतनीकरणाचं वाढीव शुल्क लागतं. महायुद्धानंतर लगेच विकल्या गेलेल्या जीपना ही अडचण नाही, जर त्या काळातली नोंद हातात असेल तर.

तीन, ट्रक. हे नियम दुचाकींसाठी आणि प्रवासी मोटारींच्या वर्गासाठी आहेत. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. युद्धात कॅनडाने बनवलेले फोर्ड आणि शेव्हरलेचे लष्करी ट्रक, नंतरचा शक्तिमान किंवा निसानचा एक टनी यांना ‘व्हीए’चा दरवाजा बंद आहे. युद्धाच्या काळात याच कॅनेडियन सांगाड्यांवर टाटाचं पोलाद चढवून भारतात साडेचार हजारांहून अधिक चिलखती गाड्या बनल्या होत्या. त्यांना टाटानगर म्हणत. इतक्या महत्त्वाच्या वर्गासाठी नियमात जागाच नाही.

चार, कागद. मूळ मालक वारलेले, वारस तिघे-चौघे, आरसी बुक वाळवीने खाल्लेलं. जुन्या पुस्तकातली नोंद ‘वाहन’ पोर्टलवर चढलेली नसेल तर आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. त्यानंतर नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची आणि मगच विंटेजचा अर्ज. अनेक जण पहिल्याच पायरीला कंटाळतात.

म्हणजे नियम लिहिताना डोळ्यांसमोर होती ती हौशी संग्राहकाची शेडमध्ये झाकून ठेवलेली मोटार. राबून राबून टिकलेली जीप तिथे नव्हती.

हिरवा रंग आणि बाणाचा नंबर : रील्समधली सर्वांत मोठी चूक

लष्करी जीप दुरुस्त केली की मालकाला ती ऑलिव्ह ग्रीन रंगात हवी असते. इथे थांबायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाने हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. रॉयल एन्फिल्डलाही यातून सूट मिळाली नाही. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसोबत विमानातून टाकल्या जाणाऱ्या छोट्या मोटारसायकलच्या आठवणीत कंपनीने २०१८मध्ये ‘पेगासस’ काढली. जगभरात फक्त १ हजार, त्यांपैकी भारतासाठी २५०. परदेशात ती हिरव्या आणि तपकिरी अशा दोन रंगांत मिळाली, भारतात फक्त तपकिरी.

दुसरी चूक नंबर प्लेटची. लष्कराच्या गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो. हा बाण ब्रिटिश काळातला आहे. सरकारी मालमत्तेवर इंग्रज हीच खूण मारत आणि तीच पुढे चालू राहिली. भारतात बनलेल्या युद्धसामानावर बाणासोबत ‘आय’ हे अक्षरही दिसतं. जुन्या बाटलीवर किंवा पट्ट्यावर ती खूण असणं हा अस्सलपणाचा पुरावा आहे. पण आज रस्त्यावरच्या खासगी गाडीला बाणाचा नंबर लावणं बेकायदाच.

तिसरी चूक गणवेशाची. जुना गणवेश कपाटात किंवा काचेच्या पेटीत ठेवायला हरकत नाही. पण आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा पोशाख घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सगळा मामला हेतूचा आहे. टोलनाक्यावर किंवा चेकपोस्टवर त्या वेशात मिरवलं तर हेतू समजावून सांगणं अवघड होईल.

हेल्मेट, पदकं, संगीन, बंदूक : घरात काय ठेवता येतं?

हेल्मेट, पाण्याची बाटली, कॅनव्हासचे पट्टे, डबे, जेरीकॅन, तंबू, दुर्बीण या वस्तू ठेवायला सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. फक्त अस्सल-नकल बघून घ्यावी. परदेशातले हौशी लोक युद्धाचे प्रसंग उभे करण्यासाठी असं सामान घेतात आणि त्यांच्यासाठी नकला बनवणारे उत्पादक भारतातच आहेत. तीच नकल मातीत पुरून, गंजवून अस्सल म्हणून विकली जाऊ शकते.

पदकांचं वेगळं आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणजे पदक हाच कागद. हे पदक चांदीचं असायचं, आणि मजूर व सेवक म्हणून गेलेल्या अनेक भारतीयांना तेच ब्रॉन्झमध्ये मिळालं. चांदीचं म्हणून ते जगभर वितळवलं गेलं. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात जुनी चांदी मोडायला काढण्याआधी कडेवरची अक्षरं भिंगाखाली वाचायला पाच मिनिटं लागतात. त्या कडेवर कदाचित पणजोबांचं नाव असेल.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. पहिल्या महायुद्धाच्या वस्तूंनी ही शंभरी ओलांडली आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या वस्तूंनी अजून नाही. अशा पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. ‘लंडनचा ग्राहक दुप्पट पैसे देतोय’ असा मेसेज आला तर हे लक्षात ठेवावं.

शस्त्रांच्या बाबतीत हौस चालत नाही. थ्री-नॉट-थ्री ही महायुद्धातली रायफल पोलिसांकडे कित्येक दशकं होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ती २०२०मध्ये निवृत्त केली. पण सामान्य माणसासाठी ती निषिद्ध बोअरची आहे. शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या पद्धतीच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देतं, पण अट कडक आहे : ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. हे ठरवणं मालकाचं काम नाही. सापडलेली बंदूक पोलीस ठाण्यात लेखी कळवणं हाच सुरक्षित मार्ग. संगिनीचंही असंच. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रं कायद्याच्या वर्गवारीत येतात. तलवारी-सुऱ्यांच्या प्रकरणात पोलीस लावतात ती ‘४/२५’ची कलमं प्रत्येक मराठी वाचकाने बातम्यांत वाचली आहेत. संगीन घेऊन काढलेला रील हा थेट पुरावा ठरू शकतो.

आणि दारूगोळा? एक जिवंत काडतूसही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. गोळे, ग्रेनेड, फ्यूज यांना हातच लावू नये. ‘८० वर्षं जुना आहे, आता काय फुटणार?’ हा समज जीवघेणा आहे, कारण जुनी स्फोटकं कधी कधी नव्यापेक्षा जास्त बेभरवशाची होतात. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या सराव क्षेत्रांत भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. नोव्हेंबर २०१८मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामातच स्फोट झाला आणि सहा जण गेले. विहिरीत, नदीपात्रात किंवा भंगाराच्या दुकानात असं काही दिसलं तर लांब व्हावं आणि ११२ला फोन करावा.

इंग्रजांच्या सैन्याचं सामान जपायचं कशाला?

हा प्रश्न खानदेशात विचारला जाणारच. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार शहीद झाले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचाच भाग होता. १४ एप्रिल १९४४ला चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी होते आणि खानदेशातले कार्यकर्तेही. इथे खाकी गणवेशाची आठवण अशीही आहे.

पण त्याच वर्षांत सुमारे २५ लाख भारतीय त्याच सैन्यात होते आणि सुमारे ८७ हजार परतले नाहीत. इटलीत लढताना १० जुलै १९४४ला यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४५मधल्या शौर्यासाठी तोच सन्मान नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना मिळाला. महार रेजिमेंट १९४१मध्ये याच युद्धात उभी राहिली. पहिल्या महायुद्धात साताऱ्यातल्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण गेले. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३मध्ये घाडगे यांच्या नावाने सनडायलचं स्मारक उभारलं. परक्या देशातल्या गावाला त्यांची आठवण ठेवावीशी वाटली.

म्हणून हे सामान ‘ब्रिटिश’ असलं तरी ते वापरणारे हात बहुतेक वेळा इथलेच होते. कुणी पगारासाठी गेलं, कुणी दुष्काळाला कंटाळून, कुणी घरातली परंपरा म्हणून. संग्रहाने यातली एकच बाजू दाखवली तर तो शोभेचा संग्रह होतो. हेल्मेटशेजारी चिमठाण्याचीही पाटी असेल, तर तिथे आलेल्या मुलाला १९४४चा खानदेश कळेल.

मग आता काय व्हायला हवं?

धोरणाच्या पातळीवर तीन बदल शक्य आहेत. विंटेजच्या व्याख्येत जुन्या मालवाहू आणि लष्करी ट्रकना जागा देणं. लष्करातून आलेल्या गाडीचं वय आरटीओ नोंदणीऐवजी उत्पादनाच्या वर्षापासून मोजणं. आणि फार पूर्वी झालेल्या, नोंद असलेल्या बदलांकडे गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून बघणं. यातला तिसरा मुद्दा सर्वांत वादाचा आहे. सूट दिली तर कालच डिझेल इंजिन टाकलेली जीपही ‘ऐतिहासिक’ म्हणून पुढे येईल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून बदल किमान ३० वर्षं जुना आणि आरसीत नोंदलेला असावा, अशी अट घालता येईल. प्रदूषणाचा आक्षेपही फार टिकत नाही, कारण रॅली आणि प्रदर्शनापुरती चालणारी गाडी वर्षाला काहीशे किलोमीटरपुढे जात नाही.

महाराष्ट्रात नमुना नाही असंही नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४मध्ये सुरू झालं, रोल्स रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिशांचे व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपान्यांचा रणगाडा असं सगळं उभं आहे. जळगाव किंवा धुळ्याहून ते एका दिवसात बघून येता येतं. पण तिथे रणगाडे आहेत. गावात राबलेली जीप, डिस्पोजलमधून आलेला ट्रक आणि त्यांची इथली कहाणी यांना जागा जिल्ह्यातच मिळायला हवी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव फिरून घराघरांतले कागद गोळा केले. त्यांच्या नावाची संस्था धुळ्यातच आहे. कागदांबाबत खानदेशाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली समज लोखंडाच्या बाबतीतही दाखवता येईल.

ज्यांच्या घरी असं काही आहे, त्यांनी खर्चाला हात घालण्याआधी चार कामं करावीत. गाडीचा चेसिस आणि इंजिन नंबर, पाट्या आणि जुनं आरसी बुक यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला गाडी कधी, कुणाकडून, किती रुपयांना घेतली हे विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करावं. पदक असेल तर कडेवरचं नाव वाचावं आणि युद्धात मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या मोफत ऑनलाइन यादीत शोधावं. आणि नंबर व कागद जुळल्याशिवाय पत्रा कापू नये, रंग मारू नये.

या चारही कामांना पैसे लागत नाहीत. जीप पुढे भंगारात गेली तरी तिची नोंद उरेल. आणि नियम बदलले, तर हीच नोंद तिला पुन्हा रस्त्यावर आणायला उपयोगी पडेल.